घरमालकांचे सभागृह

कायदा काय सांगतो, याची चर्चा आपल्या चळवळीत पुष्कळ झाली आहे. कायदा कोणी केला, हेही आपण विचारीत आलो आहोत. परंतु कायदा करणाऱ्याचा संसार कोणत्या उत्पन्नावर चालतो, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला जातो. निवडून गेलेला माणूस लोकांचा प्रतिनिधी. त्याच्या मिळकतीत डोकावायचे कशाला, असा एक संकोच सुशिक्षितांत आहे. तो बाजूला ठेवून एका साध्या उदाहरणावर हा प्रश्न तपासावयाचा आहे. उदाहरण घरभाड्याचे. भाड्याने घरे देणारा माणूस विधिमंडळात निवडून गेला आणि त्याच्यापुढे भाडेकरूंच्या संरक्षणाचे विधेयक आले, तर त्याने मत द्यावे की देऊ नये? आणि दिले, तर ते मतदारसंघाचे मत समजावे की घरमालकाचे?

याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. शब्द जड असला तरी अर्थ सोपा आहे. निर्णय ज्याच्या हाती आहे त्याचा स्वतःचा नफातोटा त्याच निर्णयात गुंतलेला असणे, एवढाच तो अर्थ. यात लाच नसते, पाकीट नसते, कोणी कोणाला भेटलेले नसते. माणूस प्रामाणिकही असू शकतो. तरीही बांधाच्या भांडणात त्या दोघा भावांपैकीच एकाला पंच म्हणून कोणी बसवीत नाही. ही गोष्ट कळायला पदवी लागत नाही. आपल्या निरक्षर आईबापांनाही ती कळत होती.

घरमालक असलेला लोकप्रतिनिधी आपल्या हिताचे रक्षण तीन मार्गांनी करू शकतो. पहिला मार्ग मताचा: विधेयक नको असेल तर विरोधात हात वर करणे. दुसरा मार्ग वेळेचा: विधेयकाला उघड विरोध न करता ते लांबवणे, समितीकडे पाठवणे, अधिवेशन संपू देणे. तिसरा मार्ग अपवादाचा: कायदा होऊ देणे, पण त्यात असे एखादे कलम किंवा अशी एखादी मर्यादा ठेवणे की आपले घर त्यातून सुटावे. पहिला मार्ग वर्तमानपत्रात दिसतो. दुसरा आणि तिसरा दिसत नाहीत, म्हणून ते अधिक उपयोगाचे असतात.

इंग्लंडचा धडा

या विषयासाठी इंग्लंडकडे पाहिले पाहिजे. आपल्या संसदेचे कामकाजाचे पुष्कळ नियम तेथून आले आहेत आणि तेथील सदस्यांच्या मिळकतीची नोंद छापून प्रसिद्ध होते. त्यामुळे तर्क लढवण्याऐवजी मोजदाद करता येते.

आज आपण ज्याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतो, तीच गोष्ट तेथे एके काळी पात्रता होती. १७१० च्या कायद्याप्रमाणे परगण्यातून हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून जाणाऱ्याचे जमिनीपासूनचे वार्षिक उत्पन्न ६०० पौंड, आणि नगरातून जाणाऱ्याचे ३०० पौंड असावे लागे. जमिनीचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः कुळांकडून येणारा खंड. खंड घेणाराच कायदा करण्यास लायक, असा हा सरळ हिशेब होता. ही अट १८५८ साली गेली. अट गेली म्हणून बाकांवर बसणारी माणसे लगेच बदलली असे मात्र झाले नाही.

१८८५ साली तेथे कष्टकऱ्यांच्या घरांविषयी कायदा झाला. कमी भाड्याची खोली देताना ती माणसाला राहण्यायोग्य असलीच पाहिजे, अशी अट त्याने भाडेकरारात गृहीत धरली. अट चांगली होती. पण ती एका ठरावीक भाड्यापर्यंतच्या घरांनाच लागू होती. ही भाड्याची मर्यादा शेवटची वाढवली गेली १९५७ साली: लंडनमध्ये वर्षाला ८० पौंड, इतरत्र ५२ पौंड. पुढे भाडी कितीतरी पटींनी वाढली, मर्यादा तेथेच राहिली. १९८५ च्या कायद्यातही तेच आकडे उतरवले गेले. तोपर्यंत इतक्या कमी भाड्याचे घर शोधूनही सापडणे कठीण झाले होते. कायदा पुस्तकात होता, त्याखाली येणारे घर मात्र उरले नव्हते. अपवादाचा तिसरा मार्ग म्हणतात तो हा. येथे कोणी काही केले नाही; आकडा बदलायचे तेवढे राहून गेले आणि दशकानुदशके राहून गेले.

२०१५ साली मजूर पक्षाच्या सदस्या कॅरेन बक यांनी हा कायदा पुन्हा जिवंत करणारे विधेयक मांडले. ऑक्टोबरमध्ये ते चर्चेला आले तेव्हा वेळ संपेपर्यंत भाषण लांबवून ते निकालात काढले गेले. हा दुसरा मार्ग. १२ जानेवारी २०१६ रोजी तीच मागणी गृहनिर्माण विधेयकावरील दुरुस्ती म्हणून आली. भाड्याचे घर राहण्यायोग्य असावे, एवढेच तिचे म्हणणे. स्थानिक संस्थांकडे पुरेसे अधिकार आहेतच, नव्या बंधनाने घरमालकांवर खर्च पडेल आणि तो भाड्यात उतरेल, असे सरकारचे म्हणणे होते. दुरुस्ती २१९ विरुद्ध ३१२ मतांनी फेटाळली गेली. वृत्तपत्रांनी सदस्यांची नोंदवही काढून मोजले, तेव्हा विरोधी मत देणाऱ्यांपैकी ७२ जण स्वतः घरमालक असल्याचे दिसले.

ही बातमी त्या वेळी पुष्कळ गाजली. तिच्यावर थांबून एक बेरीज-वजाबाकी केली पाहिजे. ३१२ मधून ही ७२ मते वजा केली तर २४० उरतात. २४० हे २१९ पेक्षा अधिकच आहेत. म्हणजे या ७२ घरमालकांनी सदसद्विवेकाला स्मरून मतदानात भागच घेतला नसता, तरीही दुरुस्ती पडलीच असती. ज्यांच्या नावावर एकही भाड्याची खोली नव्हती अशा सदस्यांनीही घरमालकांच्या बाजूने मत दिले होते. त्यांचा हितसंबंध कोणत्या नोंदवहीत पाहायचा? या प्रश्नाकडे पुढे यावयाचे आहे.

नोंदवही आणि तिची मर्यादा

तेथील नोंदवही अशी आहे. पॉल्सन नावाच्या वास्तुविशारदाच्या लाचलुचपतीचे प्रकरण बाहेर आल्यावर १९७४ साली हाउस ऑफ कॉमन्सने ठराव केला आणि १९७५ मध्ये सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची पहिली नोंदवही प्रसिद्ध झाली. आजच्या नियमाप्रमाणे राहत्या घराखेरीज १ लाख पौंडांवरील स्थावर मालमत्ता किंवा वर्षाला १० हजार पौंडांवरील भाड्याचे उत्पन्न सदस्याने नोंदवावे लागते. चर्चेत बोलताना आपली नोंद असल्याचे त्याने सभागृहाला सांगायचे असते. एवढे केल्यावर तो बोलू शकतो आणि मतही देऊ शकतो. मत देऊ नये, असे बंधन त्याच्यावर नाही.

असे का, याचे उत्तर दोन शतके जुने आहे. १८११ साली सभापती अ‍ॅबट यांनी एक निर्णय दिला. ज्याच्या मताला हरकत घ्यायची त्याचा हितसंबंध प्रत्यक्ष आणि त्याच्या एकट्याचा असला पाहिजे. इतर प्रजाजनांबरोबर तो समाईक असेल किंवा विषय राज्याच्या धोरणाचा असेल, तर हरकत चालणार नाही, असा त्याचा आशय होता. एखाद्या सदस्याच्या विशिष्ट इमारतीला पैसे देण्याचा प्रश्न असेल तर त्याने बाजूला व्हावे. पण देशातील सगळ्याच घरमालकांचा फायदा होणार असेल, तर तो त्याचा खाजगी स्वार्थ राहत नाही. ते राज्याचे धोरण ठरते.

या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या वर्गात मोडतो. शेतकरी सदस्याने शेतीवर, शिक्षक सदस्याने शिक्षणावर आणि भाडेकरू सदस्याने भाड्यावर बोलायचे नाही असे ठरवले, तर सभागृह मुके होईल. म्हणून वर्गाच्या हितसंबंधाला मोकळीक दिली गेली. पण या मोकळिकीचा परिणाम काय झाला, हे पाहिले पाहिजे. एकट्याने गल्ल्यात हात घातला तर नियमाला तो हात दिसतो. एका वर्गाने मिळून घातला तर दिसत नाही. स्वार्थ जितका लहान तितका तो दोषी, आणि जितका मोठा तितका निर्दोष, अशी ही उलटी गणना आहे.

अलीकडची आणखी एक घटना येथे नोंदवली पाहिजे. रुशनारा अली या मजूर सरकारात बेघरांचा प्रश्न हाताळणाऱ्या राज्यमंत्री होत्या. त्यांच्या पूर्व लंडनमधील घरातील भाडेकरूंना, घर विकायचे आहे म्हणून, मुदत संपल्यावर निघण्यास सांगण्यात आले. नंतर तेच घर महिना सुमारे ७०० पौंड जास्त भाड्याने पुन्हा बाजारात आले. त्याच वेळी त्यांचेच सरकार विक्रीच्या कारणाने भाडेकरू काढून लगेच पुन्हा भाड्याने देण्यास बंदी घालणारे विधेयक संमत करून घेत होते. आपण त्या वेळच्या कायद्याचे तंतोतंत पालन केले, असे त्यांनी सांगितले. ७ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांनी राजीनामा दिला. विधेयक ऑक्टोबर २०२५ मध्ये कायदा झाले, आणि कारण न देता भाडेकरूला बाहेर काढण्याची १९८८ च्या कायद्यातील तरतूद इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून रद्द करण्याचे ठरले.

श्रीमती अली यांचा जन्म बांगलादेशातला. पूर्व लंडनच्या गरीब, स्थलांतरित वस्तीने निवडून दिलेल्या त्या प्रतिनिधी. म्हणून हे उदाहरण आपल्याला टोचले पाहिजे. आपल्यातला माणूस वर गेला की आपले हित आपोआप वर जाते, या समजुतीला ते धक्का देते.

आपल्याकडचे नियम

आता आपल्या संसदेकडे वळू. लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या ३७१ व्या नियमाप्रमाणे सदस्याच्या मताला त्याच्या व्यक्तिगत वा आर्थिक हितसंबंधाच्या कारणावरून हरकत घेता येते आणि निर्णय अध्यक्ष देतात. पण नियमाखालचे स्पष्टीकरण वाचावे. हितसंबंध त्या सदस्याचा स्वतंत्र असला पाहिजे. सर्वसाधारण जनतेशी किंवा तिच्या एखाद्या वर्गाशी वा विभागाशी समाईक असलेला अथवा राज्याच्या धोरणाच्या बाबतीतला असता कामा नये. १८११ सालचा लंडनचा निर्णय दिल्लीच्या नियमपुस्तकात असा येऊन बसला आहे. वाटेत त्यात ‘वर्ग’ आणि ‘विभाग’ हे शब्दही स्पष्टपणे आले. ज्या देशात वर्ग आणि जात यांच्याच आधारे सारी मिळकत वाटली गेली, त्या देशात वर्गाच्या हितसंबंधाला हरकत नाही, असे नियमाने म्हणावे, याचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे.

राज्यसभेत १९९७ साली नीतिमत्ता समिती नेमली गेली आणि पुढे २९३ व्या नियमाप्रमाणे सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आली. तिच्यात पाच रकाने आहेत: मोबदला मिळणारे संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, कंपनीवर नियंत्रण देणारे भाग, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक काम. घरभाडे या पाचांत नाही. मालमत्तेचे विवरण सदस्याला वेगळे द्यावे लागते. परंतु त्या मालमत्तेतून भाडे येते काय आणि ते सभागृहापुढील विषयाशी निगडित आहे काय, हा प्रश्न या नोंदवहीच्या बाहेर राहतो.

मतदाराच्या हाती खरे साधन आले ते सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांमुळे. उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती मिळण्याचा मतदाराला अधिकार आहे, असे न्यायालयाने सांगितले. तेव्हापासून उमेदवारी अर्जाबरोबर शपथपत्र द्यावे लागते. त्यात शेतजमीन, बिगरशेती जमीन, व्यापारी इमारती आणि राहती घरे असे वेगळे रकाने असतात. २०१८ च्या निर्णयानंतर उत्पन्नाचे मार्गही लिहावे लागतात. ‘भाडे’ हा शब्द त्या रकान्यात सापडू शकतो. पण त्या घरांत किती बिऱ्हाडे राहतात आणि किती देतात, हे त्यावरून कळत नाही. शपथपत्र उमेदवार किती श्रीमंत आहे हे सांगते. तो कोणाच्या जिवावर श्रीमंत आहे, हे शोधायचे काम वाचणाऱ्यावर राहते.

मुंबईचे भाडे, कोकणचा खंड

महाराष्ट्रात घरभाड्याचा इतिहास गुंतागुंतीचा आहे आणि तो एकतर्फी सांगणे बरोबर होणार नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, मुंबईत भाड्यावर पहिले नियंत्रण आले. १९४७ च्या कायद्याने भाडी मुख्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे लक्षावधी कष्टकऱ्यांना शहरात टिकून राहता आले. पण गोठलेले भाडे घेऊन मालक दुरुस्ती करीनासा झाला, चाळी खचू लागल्या, आणि पागडीचा काळा व्यवहार वाढला. भाडे गोठवण्याची ही पद्धत काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. त्यानंतरचा १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ मान्य केली, पागडी कायदेशीर केली, आणि बँका व १ कोटी रुपये वा त्याहून अधिक भांडवलाच्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेतले.

येथे हितसंबंध दोन्ही बाजूंना आहे. दक्षिण मुंबईतील जुन्या प्रशस्त जागेत नाममात्र भाड्याने राहणारा लोकप्रतिनिधी हाही भाड्याच्या कायद्यात गुंतलेलाच असतो. भाडेकरू म्हटला की गरीब, असे समीकरण मुंबईत चालत नाही. म्हणून ‘तू मालक की भाडेकरू’ एवढे विचारून भागत नाही. ‘या कायद्यातून तुला काय मिळते’ हे विचारावे लागते.

खेड्यातले भाडे म्हणजे खंड. रत्नागिरी-कुलाबा भागात खोत हा सरकार आणि कूळ यांच्या मध्ये बसलेला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्या काळी मताचा अधिकार मुख्यतः मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून होता. ज्या कुळांच्या पाठीवर खोती उभी होती, त्यांतल्या बहुसंख्यांना मतच नव्हते. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. तरीही ते विधेयक कायदा झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. मधली बारा वर्षे ही दुसऱ्या मार्गाची, वेळ जाऊ देण्याची, वर्षे होती.

ज्याची नोंद होत नाही तो हितसंबंध

आता मागे ठेवलेल्या प्रश्नाकडे येऊ. ज्याच्या नावावर भाड्याची खोली नाही तोही घरमालकांच्या बाजूने हात का वर करतो? कारण हितसंबंध सातबाऱ्यावर असतो तसा नातेसंबंधात, पक्षाच्या निधीत, शेजारात आणि विचार करण्याच्या सवयीतही असतो. त्याच्या ओळखीची माणसे घरे देणारी आहेत. घर न मिळाल्याचा अनुभव त्याच्या घराण्यात कोणाला नाही. म्हणून मालकाची अडचण त्याला चटकन समजते आणि भाडेकरूची अडचण ही तक्रार वाटते.

आपल्या देशात या सवयीचे नाव जात असे आहे. १९१७ साली कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना गावात छप्पर मिळेना. पारशी असल्याचे भासवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि खरे कळताच लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. हा इतिहास झाला असे कोणी म्हणेल. २०१५ साली सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फोनवरून चौकशी केली तेव्हा सवर्ण नावाने विचारणाऱ्या सर्वांना होकार मिळाला. दलित नावाने विचारणाऱ्यांपैकी सुमारे १८ टक्क्यांना आणि मुसलमान नावाने विचारणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना नकार मिळाला. आमच्या महाविद्यालयात खेड्यातून येणारी मुले खोली शोधायला निघतात तेव्हा भाड्याच्या आधी आडनाव विचारले जाते, हे कोणत्याही तालुक्याच्या गावातील शिक्षकाला माहीत आहे.

१९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात राहत्या जागेच्या वापराबाबत अस्पृश्यतेच्या कारणाने अडथळा आणणे हा गुन्हा आहे. तरीही खोली नाकारणारा ‘आमची जागा कालच गेली’ एवढेच म्हणतो आणि सुटतो. हा कायदा घरभाड्याच्या व्यवहारात खऱ्या अर्थाने राबवायचा, तर विधिमंडळांनी तपासाची व्यवस्था उभारली पाहिजे. ती उभारण्याचा आग्रह कोण धरणार? ज्याला कधी खोली नाकारली गेली नाही त्याला ही निकड भासत नाही. हा हितसंबंध कोणत्याही नोंदवहीत येत नाही, आणि म्हणूनच तो सर्वांत टिकाऊ आहे.

येथे एक दुटप्पीपणा उघड केला पाहिजे. दलित सदस्य आरक्षणावर वा शिष्यवृत्तीवर बोलू लागला की ‘तुमचा स्वार्थ आहे म्हणून बोलता’ असे ऐकवले जाते. घरमालक सदस्य भाड्यावर बोलला की तो अनुभवी आणि जाणकार ठरतो. नियमाच्या दृष्टीने दोघांचाही हितसंबंध वर्गाचा आहे, आणि दोघांनाही मोकळीक आहे. पण जनमानसात हरकत फक्त एकावरच घेतली जाते. आणि दोन्ही हितसंबंध सारखे तरी कोठे आहेत? एकाला आपली मिळकत वाढवायची आहे, दुसऱ्याला डोक्यावर छप्पर हवे आहे. त्यांना एकाच तराजूत घालणे ही तटस्थता नव्हे.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी नेमका हा मुद्दा मांडला होता. केवळ मतांचे प्रतिनिधित्व होऊन भागत नाही. ज्यांचे हित वेगळे आहे त्यांची माणसे प्रत्यक्ष सभागृहात असली पाहिजेत, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. निःपक्ष सभागृह म्हणजे हितसंबंध नसलेल्या माणसांचे सभागृह अशी कल्पना केली, तर तसे सभागृह कोठेच मिळणार नाही. ज्यात कोणत्याही एका बाजूच्या हितसंबंधाला सारे बाक मिळत नाहीत, ते सभागृह त्यातल्या त्यात निःपक्ष.

मग करायचे काय?

पहिले काम नियमांचे. लोकप्रतिनिधीच्या आणि त्याच्या निकटच्या कुटुंबीयांच्या भाड्याच्या मिळकतीची नोंद वेगळी आणि खुली असावी: जागा कोठे, राहण्याची की दुकानाची, वर्षाचे भाडे किती, भाडेकरू सरकार आहे काय. गृहनिर्माण वा भाडे या विषयावर बोलताना त्याने ते आधी सांगावे. त्या विषयाच्या समितीचे अध्यक्षपद आणि त्या खात्याचे मंत्रिपद घेण्यापूर्वी त्याने ती मिळकत स्वतःच्या हातातून काढावी. मताचा अधिकार मात्र काढून घेऊ नये. तो आज घरमालकाकडून काढला, तर उद्या आरक्षणाच्या प्रश्नावर आपल्याकडून काढण्याची मागणी होईल.

दुसरे काम माहितीचे, आणि ते उद्याच सुरू करता येते. शासकीय मागासवर्गीय वसतिगृहांपैकी कित्येक आजही भाड्याच्या इमारतींत चालतात. आपल्या तालुक्यातील वसतिगृहाची इमारत कोणाची, भाडे किती, करार कधीचा, आणि शासनाची स्वतःची इमारत का झाली नाही, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली एका अर्जावर विचारता येते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून जी रक्कम मिळते, ती शेवटी कोणत्या खोलीमालकाच्या हाती जाते, हेही पाहावे. उत्तरात काही वावगे निघेलच असे नाही. पण विचारणारा आहे, हे कळले तरी फरक पडतो.

तिसरे काम संघटनेचे, आणि तेच निर्णायक आहे. १९१५ साली ग्लासगो शहरात युद्धाचा फायदा घेऊन मालकांनी भाडी वाढवली, तेव्हा कामगार वस्तीतील स्त्रियांनी भाडे देणे थांबवले. कारखान्यांतील कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. वर्ष संपण्याच्या आत ब्रिटिश संसदेने भाडी युद्धापूर्वीच्या पातळीवर बांधून टाकणारा कायदा केला. त्या संसदेचे वरचे सभागृह तर मोठ्या जमीनदारांनी भरलेले होते. राहण्यायोग्य घराचा जो कायदा २०१६ साली फेटाळला गेला, तोही कॅरेन बक यांच्याच विधेयकाने २०१८ साली संमत झाला, आणि तो हुजूर पक्षाच्याच राजवटीत. मध्ये २०१७ साली ग्रेनफेल टॉवरची आग लागली होती आणि तीत ७२ माणसे गेली होती. ती इमारत खाजगी मालकाची नव्हती, नगरपालिकेची होती. पण भाडेकरूंच्या तक्रारी कोणी ऐकल्या नाहीत, हे साऱ्या देशाला दिसले. घरमालक सदस्य नोंदवहीत होते तेथेच होते. बाहेरचा आवाज मोठा झाला, म्हणून आतले मत बदलले. मात्र तो मोठा होण्यासाठी माणसे जळावी लागू नयेत, हे संघटनेने पाहावयाचे आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्या स्वतःविषयी. आपल्यातला शिकलेला, नोकरीला लागलेला माणूसही आता शहरात दुसरी खोली घेतो आणि भाड्याने देतो. त्यात गैर काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या छप्पर नसलेल्यांनी छप्पर मिळवले आहे. पण त्यानेही आपल्या भाडेकरूशी कसे वागायचे आणि भाड्याच्या कायद्याविषयी कोणती बाजू घ्यायची, हे ठरवताना आपली मिळकत प्रथम उघड सांगितली पाहिजे. जो दुसऱ्याची नोंदवही मागतो त्याने आपलीही तयार ठेवावी. पुढच्या निवडणुकीत उमेदवार वस्तीत येईल तेव्हा त्याचे शपथपत्र छापून कार्यकर्त्यांच्या हाती असावे, मग तो कोणत्याही पक्षाचा आणि कोणत्याही जातीचा असो. तुमच्या घरांत कोण राहते, त्यांच्याकडून तुम्ही किती घेता, आणि आमच्या मुलाला तेथे खोली मिळेल काय, हे तीन प्रश्न त्याला सर्वांसमोर विचारावेत.